तक्रारीची वाट वेट रूममधून जात होती

5 जून 2020 ला, शुक्रवारी, जेम्स डॅनियल्सने ट्विटरवर दोन-तीन ओळी लिहिल्या. तेव्हा तो शिकागो बेअर्सकडून व्यावसायिक अमेरिकन फुटबॉल खेळत होता, पण घडला होता आयोवा विद्यापीठाच्या संघात. त्या संघात वंशावरून फार भेद केला जातो आणि कृष्णवर्णीय खेळाडूंना कित्येक वर्षे अन्यायाने वागवले गेले आहे, एवढाच त्या ओळींचा आशय होता. मिनियापोलिसमध्ये जॉर्ज फ्लॉइडचा पोलिसाच्या गुडघ्याखाली जीव गेला त्याला अकरा दिवस झाले होते. डॅनियल्सच्या मागोमाग डझनावारी माजी खेळाडू बोलते झाले. वेगवेगळ्या वर्षी संघात असलेल्या या मुलांच्या सांगण्यात एक नाव पुन्हा पुन्हा येत होते: संघाचे स्ट्रेंथ कोच, म्हणजे खेळाडूंचा व्यायाम आणि ताकद यांचे काम पाहणारे, ख्रिस डॉयल. दुसऱ्याच दिवशी मुख्य कोच कर्क फेरेंट्झ यांनी डॉयल यांना रजेवर पाठवले. जूनच्या मध्यापर्यंत डॉयल विद्यापीठातून बाहेर पडलेही होते. जाताना त्यांना 15 महिन्यांच्या पगाराइतकी, सुमारे 11 लाख डॉलरची रक्कम देण्याचे ठरले. वंशावरून पक्षपात आपण कधीही केलेला नाही, असे त्यांनी जाहीरपणे सांगितले होते.

आयोवाच्या चाहत्यांत तेव्हा सुरू झालेला वाद आजही मिटलेला नाही. एक गट म्हणतो, कर्क सज्जन माणूस आहे, शेकडो पोरांना त्याने मार्गी लावले, एका सहकाऱ्याच्या वागण्याचे खापर त्याच्या डोक्यावर कशाला? दुसरा गट म्हणतो, एकाच इमारतीत वीस वर्षे बसून याला काहीच कळले नाही, हे पटणारच नाही. दोन्ही गट खरे तर एकाच गोष्टीवर भांडतात: फेरेंट्झ मनाने कसे आहेत? हा प्रश्न सोडून द्यावा, असे माझे स्पष्ट मत आहे. मनात कोणाच्याच शिरता येत नाही. तपासता येते ते असे, की संघात ज्याच्या शब्दाला सर्वांत कमी वजन आहे त्या खेळाडूला, म्हणजे जो अजून मैदानात उतरलेला नाही आणि ज्याची शिष्यवृत्ती एवढाच ज्याचा आधार आहे त्याला, तक्रार करायची झाली तर ती कोणाच्या हातातून जाते. आणि ती पोहोचल्यावर पुढच्या आठवड्यात त्या मुलाचे काय होते. या कसोटीवर फेरेंट्झ वीस वर्षे नापास झाले. 2020 च्या जूनमध्ये त्यांनी चटकन हालचाल केली, याचे श्रेय त्यांना दिलेच पाहिजे. नंतरची दोन-तीन वर्षे पाहिली तर ती हालचाल मुरली नाही, हेही दिसते.

हा संघ म्हणजे आयोवात काय प्रकरण आहे ते सांगायला हवे. राज्यात फुटबॉल, बास्केटबॉल किंवा बेसबॉलचा एकही पहिल्या दर्जाचा व्यावसायिक संघ नाही. आयोवा सिटीतल्या किनिक स्टेडियममध्ये सुमारे 69 हजार माणसे बसतात. 1998 च्या अखेरीस नेमणूक झाल्यापासून फेरेंट्झ तिथे मुख्य कोच आहेत आणि त्यांचा पगार राज्यातल्या कुठल्याही सरकारी नोकरापेक्षा जास्त आहे. विद्यापीठाचा अध्यक्ष बदलतो, राज्यपाल बदलतो, कोच तोच राहतो. अशा माणसाविरुद्ध एकोणीस वर्षांच्या पोराने तोंड उघडायचे म्हणजे काय, हे चाहत्यांनी आधी मनात आणावे.

आता वेट रूम, म्हणजे संघाची व्यायामशाळा. सगळ्या प्रकरणाची किल्ली तिथे आहे आणि वादात तिच्याबद्दल सर्वांत कमी बोलले जाते. महाविद्यालयीन खेळांचे नियमन करणारी एनसीएए मोसमात खेळाडूकडून आठवड्याला जास्तीत जास्त 20 तास घेऊ देते आणि मोसमाबाहेर साधारण 8. सामने सप्टेंबर ते डिसेंबर. वसंतात सरावाची 15 सत्रे. उरलेल्या काळात, जानेवारीपासून जुलैच्या अखेरीपर्यंत, बचावाचे, आक्रमणाचे आणि वेगवेगळ्या जागांचे कोच नवीन मुलांच्या शोधात गावोगाव हिंडत असतात किंवा नियमांनी त्यांचे हात बांधलेले असतात. त्या काळात खेळाडूच्या रोजच्या दिवसावर ताबा असतो तो स्ट्रेंथ कोचचा. पहाटे कोण उशिरा आला, कोणाचे वजन दोन किलो घटले, कोणी शेवटचा सेट अर्धवट सोडला, कोणाची देहबोली 'बरोबर नाही', या सगळ्याची नोंद तो ठेवतो आणि ऑगस्टमध्ये संघाची उतरंड ठरते तेव्हा त्याचा शब्द मोलाचा असतो. व्यावसायिक संघांचे निरीक्षक आले की मुलाच्या मेहनतीविषयी पहिली विचारपूस त्याच्याकडे करतात. डॉयल यांना वर्षाला आठ लाख डॉलर मिळत, देशातल्या कुठल्याही स्ट्रेंथ कोचपेक्षा जास्त. फेरेंट्झ यांचा त्यांच्यावर किती भरवसा होता, ते या आकड्यात आहे.

आता तक्रारीची वाट चालून पाहा. अपमान वेट रूममध्ये झाला. मुलाने कोणाकडे जायचे? आपल्या जागेच्या कोचकडे गेला, तर तो कोच स्वतःच ऑगस्टपर्यंत स्ट्रेंथ कोचच्या अहवालावर विसंबून. मुख्य कोचकडे गेला, तर डॉयल हे त्यांचेच 1999 पासूनचे सहकारी, सर्वांत विश्वासातले. त्यांच्यावर तेव्हाचे क्रीडा संचालक गॅरी बार्टा, आणि या संचालकांच्या खात्याचे सारे अर्थकारण त्याच मुख्य कोचच्या विजयांवर उभे. त्यात आणखी एक गाठ: आक्रमणाचे तेव्हाचे समन्वयक ब्रायन फेरेंट्झ हे कर्क यांचे चिरंजीव. नातलगांच्या नेमणुकीच्या नियमामुळे ते कागदोपत्री वडिलांच्या हाताखाली नव्हते, थेट बार्टांच्या हाताखाली होते. मैदानावर मात्र रोज वडीलच मुख्य. ब्रायन यांच्याविषयी काही सांगायचे असलेल्या मुलाने नेमके कोणते दार ठोठवायचे होते? पुढे माजी खेळाडूंनी खटला भरला त्यात ब्रायन यांचेही नाव प्रतिवादींत होते.

या वाटेत दोष आहे, हे आधीच दिसायला हवे होते. जानेवारी 2011 मध्ये आयोवाचे 13 खेळाडू एकाच वेळी रुग्णालयात दाखल झाले. सुट्टीवरून परतल्यावर त्यांना स्क्वॉट्सचा व्यायाम दिला होता: प्रत्येकाच्या कमाल वजनाच्या निम्मे वजन खांद्यावर घेऊन शंभर बैठका, आणि घड्याळ लावलेले. स्नायूंचे तंतू फुटून त्यातली प्रथिने रक्तात मिसळली आणि मूत्रपिंडांवर ताण आला. वैद्यकात याला ऱ्हॅब्डोमायोलिसिस म्हणतात. लघवीचा रंग तपकिरी होतो आणि पायऱ्या उतरता येत नाहीत. चौकशी झाली. हा व्यायाम पुन्हा देऊ नये, असा निष्कर्ष निघाला. कोणावर कारवाई झाली नाही. मी हा प्रसंग इथे आणतो तो वंशाचा म्हणून नव्हे, तशी तक्रार तेव्हा नव्हतीच. मला त्यात दुसरीच गोष्ट दिसते. पन्नासाव्या बैठकीला पाय लटपटत असताना 'आता बस' म्हणण्याची सोय एकाही मुलाला वाटली नाही. जिथे शरीराच्या दुखण्याला तोंड फुटत नाही, तिथे अपमानाला कुठून फुटणार?

मग आले नियम. इमारतीत टोपी नको, कानातले नको, हुडी नको. ट्विटर वापरायचे नाही. शिस्तीच्या या साऱ्या साच्याला तिथे 'आयोवाची पद्धत' म्हणत. चाहत्यांचा सर्वांत ठाम युक्तिवाद याच जागी येतो: नियम सर्वांना सारखेच होते, मग भेद कुठला? हा युक्तिवाद मी गांभीर्याने घेतो, कारण तो प्रामाणिक आहे. पण नियम सारखा असणे आणि त्याचे ओझे सारखे पडणे यांत फरक आहे. आयोवाच्या खेड्यातून आलेल्या गोऱ्या मुलाला या यादीतले काहीच सोडावे लागत नव्हते. तो घरून जसा निघाला तसाच आत येत होता. शिकागो, डेट्रॉइट किंवा फ्लोरिडातून आलेल्या कृष्णवर्णीय मुलाला दारातच केस, कपडे, दागिने, बोलण्याची ढब, हसण्याचा आवाज हे सगळे खुंटीला टांगावे लागत होते. दुसरे असे, की लेखी नियम चार असतात आणि अलिखित चाळीस. 'ॲटिट्यूड चांगला नाही' हा शेरा कोणत्या लेखी नियमात बसतो? तो एका माणसाच्या नजरेवर ठरतो. एखादा मुलगा पहाटे सहाला गप्प उभा असेल तर तो एकाग्र की मुजोर, हे ज्याच्या हाती पेन आहे तो ठरवतो. भेद शिरतो तो याच फटीतून.

हे मी माझ्या मनचे सांगत नाही. विद्यापीठाच्याच क्रीडा विभागाने नेमलेल्या विविधता कार्यगटाचा अहवाल 2019 मध्ये आला होता. कृष्णवर्णीय खेळाडूंना इमारतीत शिरताना मुखवटा चढवावा लागतो आणि आपली ओळख दारात ठेवून यावे लागते, असे त्यात नोंदवले होते. फेरेंट्झ यांच्यापर्यंत तो पोहोचला होता. त्यांनी काय केले? टोप्या, कानातली आणि हुडी यांवरचे निर्बंध सैल केले. यात खोट नाही, पण जी गोष्ट बदलायला सोपी होती ती त्यांनी बदलली. शेरे लिहिणारा हात तोच राहिला, तक्रारीची वाट तीच राहिली. म्हणून 2019 च्या अहवालानंतर वर्षभरातच ट्विटरवर बांध फुटला. 'कर्कला माहीतच नव्हते' या वाक्याला मला इथे हरकत घ्यावी लागते. डॉयल नेमके काय बोलत ते कदाचित त्यांना माहीत नसेल. मुलांना गुदमरते, हे मात्र कागदावर त्यांच्या हाती पडले होते.

जून 2020 नंतर विद्यापीठाने हश ब्लॅकवेल या बाहेरच्या वकिली संस्थेकडे चौकशी दिली. त्यांनी 111 जणांच्या मुलाखती घेतल्या आणि 30 जुलैला अहवाल प्रसिद्ध झाला. कार्यक्रमाच्या नियमांतून वांशिक आणि सांस्कृतिक पूर्वग्रह टिकून राहिले, खेळाडूंवर इतकी पाळत होती की त्यांच्या मनावर ताण येई, आणि मोजक्या कोचेसना खेळाडूंचा पाणउतारा करायला मोकळीक मिळाली, असे त्यात म्हटले होते. त्याच अहवालात दुसरी बाजूही आहे: जूननंतर वातावरण बरेच सुधारले, असे तेव्हाच्या अनेक खेळाडूंनी सांगितले. फेरेंट्झ यांनी ट्विटरबंदी उठवली. राष्ट्रगीताच्या वेळी गुडघ्यावर बसायचे की नाही, हा निर्णय खेळाडूंवर सोडला. ब्रॉडरिक बिन्स या माजी खेळाडूकडे समावेशनाचे काम दिले. माजी खेळाडूंचे सल्लागार मंडळ नेमले. त्या उन्हाळ्यात देशातल्या पुष्कळ कोचेसनी काळ्या पार्श्वभूमीवरचे निवेदन छापून हात झटकले; त्या मानाने हे खरे काम होते.

तुलनेसाठी दोन जुनी प्रकरणे समोर ठेवतो. ऑक्टोबर 1969, वायोमिंग विद्यापीठ, कोच लॉइड ईटन. संघाने पहिले चारही सामने जिंकलेले. पुढचा सामना ब्रिगहॅम यंग विद्यापीठाशी, आणि ते विद्यापीठ ज्या मॉर्मन चर्चचे, तिथे कृष्णवर्णीयांना पुरोहितपद बंद. संघातल्या 14 कृष्णवर्णीय खेळाडूंना त्याचा निषेध म्हणून दंडाला काळी फीत बांधावीशी वाटली. कोचला न विचारता त्यांनी काही केले नाही. सामन्याच्या आदल्या दिवशी फिती बांधून ते विचारायलाच गेले होते. ईटन यांनी त्यांना बाकांवर बसवले आणि सुमारे दहा मिनिटांत चौदाच्या चौदा जणांना संघातून काढून टाकले. निदर्शनांत भाग घ्यायचा नाही, हा त्यांचा नियम होता आणि त्यांच्या दृष्टीने विषय संपला. चाहते बहुसंख्येने कोचच्या पाठीशी उभे राहिले. दुसऱ्या दिवशीचा सामना वायोमिंगने 40-7 असा जिंकला, तेव्हा त्यांना वाटले असेल की कोचच बरोबर. त्या मोसमातले शेवटचे चार सामने संघ हरला. पुढच्या वर्षी दहांतला एक जिंकला आणि ईटन यांना जावे लागले. विद्यापीठाने माफी मागितली ती 2019 मध्ये, पन्नास वर्षांनी.

नोव्हेंबर 2015 मध्ये मिझुरी विद्यापीठात कोच गॅरी पिंकेल यांच्यापुढे याहून मोठा पेच होता. वंशभेदाच्या प्रश्नावरून, विद्यापीठ समूहाचे अध्यक्ष टिम वुल्फ यांच्या राजीनाम्यासाठी एका विद्यार्थ्याचे उपोषण चालू होते. 7 तारखेला, शनिवारी, संघातल्या तीसेक कृष्णवर्णीय खेळाडूंनी छायाचित्र टाकले: अध्यक्ष जाईपर्यंत आम्ही खेळणार नाही. पुढच्या शनिवारी कॅन्सस सिटीत सामना होता आणि तो रद्द झाला असता तर दहा लाख डॉलर भरावे लागले असते. पिंकेल आधी खेळाडूंशी बोलले. मग क्रीडा संचालकांना बरोबर घेतले, सराव थांबवला, आणि रविवारी पूर्ण संघाचे, गोऱ्या-काळ्या सर्व खेळाडूंचे आणि कोचेसचे एकत्र छायाचित्र प्रसिद्ध करून आपण खेळाडूंच्या मागे आहोत असे सांगितले. सोमवारी सकाळी वुल्फ यांनी राजीनामा दिला. संघातले सगळेच बहिष्काराच्या बाजूचे होते असे नाही आणि पिंकेल यांच्यावर टीकाही सडकून झाली. खेळायला नकार देणाऱ्याची शिष्यवृत्ती काढून घ्यावी, असे विधेयक एका आमदाराने आणले आणि नंतर मागे घेतले. पण ईटन आणि पिंकेल यांच्यातला फरक बघा. पिंकेल यांनी मुलांच्या मागणीचा न्यायनिवाडा करत बसण्याआधी मुलांचे ऐकले, आणि त्या दोन दिवसांत कोणाचीही जागा, कोणाचीही शिष्यवृत्ती धोक्यात येऊ दिली नाही. संघ त्या शनिवारी मैदानात उतरला आणि 20-16 ने जिंकला.

ओक्लाहोमा स्टेट विद्यापीठाचे तेव्हाचे कोच माइक गंडी यांचे प्रकरण थोडक्यात सांगतो. जून 2020 मध्ये एका उजव्या विचारांच्या वृत्तवाहिनीचा टीशर्ट घातलेले त्यांचे छायाचित्र फिरले. आदल्या मोसमात 2,094 यार्ड धावलेला चुबा हबर्ड म्हणाला, बदल होईपर्यंत मी संघाचे काही करणार नाही. एका दिवसात माफी आली आणि जुलैत दहा लाख डॉलरची पगारकपातही. पण इथे बोलणारा देशातला सर्वांत जास्त धावलेला खेळाडू होता. तिसऱ्या फळीतल्या मुलाने हेच लिहिले असते तर?

'खेळात राजकारण आणू नका' म्हणणाऱ्या आयोवाकरांना एक वस्तू दाखवावीशी वाटते. आयोवा आणि मिनेसोटा यांच्या सामन्यात जिंकणारा संघ काशाचे एक डुक्कर उचलून मैदानभर धावतो. फ्लॉइड ऑफ रोझडेल हे त्याचे नाव, वजन सुमारे 45 किलो. ते कुठून आले? 1934 च्या सामन्यात चेंडू घेऊन धावणारा आयोवाचा कृष्णवर्णीय खेळाडू ऑझी सिमन्स याला मिनेसोटाच्या खेळाडूंनी इतके ठोकले की त्याला मैदान सोडावे लागले. पुढच्या वर्षी सामना आयोवा सिटीत होता आणि वातावरण तापले होते. पंचांनी हे चालवून घेतले तरी प्रेक्षक घेणार नाहीत, अशा अर्थाचे विधान आयोवाच्या राज्यपालांनी केले. ताण उतरावा म्हणून मिनेसोटाचे राज्यपाल फ्लॉइड ओल्सन यांनी एका डुकराची पैज लावली. मिनेसोटा जिंकला, आयोवाच्या राज्यपालांनी खरेखुरे डुक्कर पोहोचते केले, आणि पुढे त्याची मूर्ती झाली. सिमन्सचे नाव मात्र त्या जल्लोषात कोणी घेत नाही. वंशाचा प्रश्न या खेळात 2020 मध्ये कोणी बाहेरून आणलेला नाही. दर वर्षी आपण तो खांद्यावर घेऊन मिरवतो.

याच राज्यातल्या ड्रेक विद्यापीठाच्या जॉनी ब्राइटचा जबडा 20 ऑक्टोबर 1951 ला ओक्लाहोमात, चेंडूपासून दूर उभा असताना, फोडला गेला. 'डे मॉइन रजिस्टर'च्या दोन छायाचित्रकारांनी तो क्षण टिपला आणि त्यांना पुलित्झर मिळाले. छायाचित्रे नसती तर ब्राइटच्या शब्दावर कोण विश्वास ठेवणार होते? एकट्या खेळाडूचे सांगणे कधीच पुरत नाही. 2020 मध्ये छायाचित्राचे काम संख्येने केले. डझनावारी माणसे, वेगवेगळ्या वर्षांची, एकच सांगत होती.

म्हणून संख्येबद्दल बोलू. चाहते पदवीधर होण्याच्या दराचे दाखले देतात, पण दर दोन प्रकारचे आहेत. सरकारी दरात, शिष्यवृत्तीवर आलेल्यांपैकी सहा वर्षांत त्याच विद्यापीठातून किती पदवीधर झाले ते मोजतात. मध्येच गेलेला नापासात धरतात. एनसीएएच्या यशदरात, अभ्यासात ठीक असताना सोडून गेलेल्यांना मोजणीतूनच वगळतात. समजा एका वर्षी 20 मुले आली, 8 चांगल्या गुणांनिशी सोडून गेली आणि उरलेल्या 12 पैकी 10 पदवीधर झाली. सरकारी दर 50 टक्के, यशदर 83 टक्के. ती 8 मुले बहुतेक कृष्णवर्णीय असतील तर यशदर त्याबद्दल अवाक्षर काढत नाही. दोन्ही दर वंशानुसार वेगळे मिळतात. ते शेजारी ठेवून त्यांतले अंतर बघावे. कोण पळून जाते आहे, ते या अंतरात कळते.

दुसरे, निरोपाच्या मुलाखती. एनसीएएच्या नियमाने प्रत्येक खेळात काही खेळाडूंची जाताना मुलाखत घ्यावी लागते. पण नियम बोलतो तो खेळण्याची पात्रता संपलेल्यांबद्दल, आणि त्यांतलेही कोण निवडायचे ते विद्यापीठ ठरवते. म्हणजे चार-पाच वर्षे टिकलेल्याला विचारायचे 'कसे वाटले', आणि दुसऱ्याच वर्षी बॅग भरून निघालेल्याला कोणी विचारायलाच नको. ज्याच्याकडे सांगण्यासारखे सर्वांत जास्त आहे तोच गाळला जातो. मुलाखत घेणारा क्रीडा विभागातलाच असेल तर आणखी अडचण: पुढच्या संघाचा कोच आपल्या जुन्या कोचला फोन करून विचारणार, हे मुलाला ठाऊक असते. तो 'सगळे छान होते' म्हणतो आणि जातो.

या बाजूने पाहिले की 2020 नंतरच्या फेरेंट्झ यांच्या दोन गोष्टी मला खटकतात. 2022 च्या सुरुवातीला त्यांनी माजी खेळाडूंचे सल्लागार मंडळ बरखास्त केले. मंडळाच्या प्रमुखाने कोचच्या जाण्याची वेळ आली आहे असे सुचवल्यानंतर हे घडले. माणूस म्हणून त्यांना लागले असेल, ते मी समजू शकतो. पण संघात वेट रूमला वळसा घालून जाणारी ती एकच वाट होती, आणि तिच्यावरून न आवडणारा निरोप आला म्हणून ती बंद झाली. वाट कोचच्या मर्जीवर चालू राहणार असेल तर मुलांना ते लगेच कळते.

दुसरी गोष्ट मार्च 2023 ची. बारा माजी खेळाडूंनी भरलेला खटला 41 लाख 75 हजार डॉलरवर मिटला. त्यातले 20 लाख राज्याच्या तिजोरीतून द्यायचे ठरले. राज्याचे लेखापरीक्षक रॉब सँड यांनी विरोधात मत दिले. असे खटले वारंवार होत असताना क्रीडा संचालक बार्टा पदावर का, असा त्यांचा सवाल होता. ओरड झाल्यावर ते पैसे क्रीडा विभाग भरून देईल, असे विद्यापीठाला जाहीर करावे लागले. तडजोडीत दोन्ही फेरेंट्झ आणि डॉयल यांची नावे प्रतिवादींतून वगळली गेली, आणि फेरेंट्झ यांनी ही तडजोड आपल्याला मान्य नसल्याचे उघडपणे सांगितले. आपली बाजू कोर्टात सिद्ध करण्याचा हक्क त्यांना होता, हे त्यांच्या चाहत्यांचे म्हणणे बरोबर आहे. तडजोड म्हणजे गुन्ह्याची कबुली नव्हे, हेही बरोबर. पण त्या निवेदनाकडे तेव्हा संघात असलेल्या मुलाच्या जागेवरून पाहा. पुढे यायला धजलेल्या बारा जणांबद्दल मुख्य कोचची भावना नाराजीची आहे, एवढेच त्याला त्यात वाचायला मिळाले.

वाट बाहेरून असली की काय होते, याचा दाखला डॉयल यांच्याच बाबतीत आहे. फेब्रुवारी 2021 मध्ये व्यावसायिक जॅक्सनव्हिल जॅग्वार्सने त्यांना घेतले. फ्रिट्झ पोलार्ड अलायन्स ही कृष्णवर्णीय प्रशिक्षकांच्या हक्कांसाठी काम करणारी संस्था आहे. तिने जाहीर आक्षेप घेतला आणि नेमणुकीची घोषणा झाल्यापासून दोन दिवसांत डॉयल यांनी राजीनामा दिला. त्या संस्थेला संघाकडून ना पगार, ना शिष्यवृत्ती, ना मैदानावरची जागा हवी होती. म्हणून ती बोलू शकली.

आता काही जण म्हणतात, हा विषयच जुना झाला. 2021 पासून खेळाडू एक वर्ष बाहेर न बसता संघ बदलू शकतो, नावाचे पैसे घेऊ शकतो, आणि 2025 पासून विद्यापीठे त्याला उत्पन्नातला वाटाही थेट देऊ शकतात. नको असेल त्याने निघून जावे. हे अर्धेच खरे आहे. ज्याला चार संघ बोलावतात तो जातो. ज्याला कोणी बोलावत नाही तो राहतो किंवा खेळच सोडतो. आणि निघून जाणारा गप्प जातो, कारण नव्या संघाला कटकट्या खेळाडू नको असतो. मागे राहिलेल्यांसाठी वेट रूम तशीच राहते.

खुद्द आयोवात तर काम अधिक अवघड झाले आहे. सरकारी विद्यापीठांना विविधता आणि समावेशनाची कार्यालये चालवायला मनाई करणारा कायदा 2024 मध्ये राज्याच्या विधिमंडळाने केला. त्यावर स्वतंत्र भांडण होऊ शकते आणि व्हायला हवे. पण मी जे मागतो आहे त्याला त्या नावाची पाटी लागत नाही. संघ सोडणाऱ्या प्रत्येक खेळाडूची, पात्रता संपलेल्याची आणि मध्येच गेलेल्याची, मुलाखत व्हावी. ती क्रीडा विभागाबाहेरच्या माणसाने घ्यावी, आणि मूल नव्या संघात रुजल्यावर सहा महिन्यांनी पुन्हा एकदा घ्यावी. गोषवारा कोचच्या आधी विद्यापीठाच्या अध्यक्षांकडे जावा. किती जण गेले आणि किती जणांशी बोलणे झाले, हे दोन आकडे दर जुलैत छापावेत. स्ट्रेंथ कोचचे वार्षिक मूल्यमापन मुख्य कोचखेरीज आणखी कोणी तरी करावे. यात सरकारी परवानगी लागेल असे काही नाही.

फेरेंट्झ यांचा 2022 मध्ये वाढवलेला करार 2029 पर्यंत आहे. 2025 च्या सप्टेंबरात विजयांच्या संख्येत त्यांनी ओहायो स्टेटच्या वुडी हेज यांना मागे टाकले. आयोवा ज्या गटात खेळतो त्या बिग टेन परिषदेच्या इतिहासात इतके सामने कोणत्याच कोचने जिंकलेले नाहीत. दर ऑगस्टमध्ये ते वार्ताहरांपुढे बसतात आणि दुखापती, क्वार्टरबॅक, वेळापत्रक यांवर तासभर उत्तरे देतात. तिथे एका तरी आयोवाकराने विचारावे: गेल्या बारा महिन्यांत किती मुले सोडून गेली, आणि त्यांच्यापैकी किती जणांशी तुमच्या पगारपत्रकावर नसलेला माणूस बोलला?